मला न कळलेलं बोट

माझ्या पाठीवर सात हा आकडा चिकटवलेला आहे, डाव्या कोपऱ्यात काच तडकलेली आहे आणि चार्जिंगला लावलं की माझं अंग तापतं. एवढ्यावरून तुम्ही ओळखलं असेलच, मित्रांनो, की मी एक म्हातारा टॅब आहे. टॅबला सहाव्या वर्षी म्हातारपण येतं. त्या वयात तुम्ही पहिलीत जाता आणि आम्ही कपाटात. ही तक्रार नाही, नोंद आहे. नोंदी ठेवणं हाच माझा धंदा होता.

मी गाणी वाजवणारा किंवा कार्टून दाखवणारा टॅब नव्हतो. माझ्यावर चाचण्या घेतल्या जात. कोणतं मूल किती पटकन ओळखतं, कुणाचं लक्ष किती वेळ टिकतं, कुणाला वाचताना अक्षरं नाचल्यासारखी दिसतात, कोणत्या मोठ्या माणसाला कोणतं काम झेपेल, हे सगळं माझ्या काचेवर ठरायचं. माणसं माझ्यासमोर बसत, बोट टेकवत, आणि मी त्यांचे सेकंद मोजत असे.

माझा जन्म पांढऱ्या उजेडाच्या एका लांबलचक हॉलमध्ये झाला. तिथे आई-बाप म्हणावं असं कुणी नव्हतं. टोप्या आणि मास्क घातलेली माणसं ओळीनं बसली होती आणि प्रत्येकानं माझ्यात एकेक गोष्ट घातली. कुणी बॅटरी, कुणी काच, कुणी नुसतेच चार स्क्रू. सगळ्यात शेवटी मला एका यंत्राखाली ठेवलं. त्या यंत्राला वीज वाहणारं रबरी बोट होतं. त्या बोटानं माझ्या काचेवर हजार टिचक्या मारल्या. वर, खाली, मधोमध, चारही कोपऱ्यांत. हजारच्या हजार मला कळल्या. माझ्यावर 'पास'ची चिकटपट्टी लागली आणि मी खोक्यात गेलो.

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं बोट. मऊ, स्वच्छ, सगळीकडून सारखं, कधी घाम नाही, कधी धूळ नाही. त्यावरून मी समजलो की जगातली सगळी बोटं अशीच असतात. हा गैरसमज माझा होता, पण तो भोवला भलत्याच कुणाला. ते पुढे सांगतोच.

खोक्यातून आम्ही बारा भावंडं एका चाचणी केंद्रात उतरलो. केंद्र म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. जिना इतका अरुंद की चढणाऱ्यानं उतरणाऱ्याला आधी हाक मारायची. खाली कुलुपं-किल्ल्यांचं दुकान. तिथे किल्ली कापायचं यंत्र किर्रकन वाजलं की वरच्या मुलांचं अर्धं लक्ष खाली जायचं. म्हणजे लक्ष किती टिकतं याची चाचणी निम्मी आम्ही घ्यायचो आणि निम्मी किल्लीवाला.

आमच्याआधी तिथे एका लाकडी पेटीचं राज्य होतं. पेटीत चित्रांच्या दोन पुस्तिका, रंगीत ठोकळे आणि टिकटिकणारं एक घड्याळ. केंद्रातल्या बाई वीस वर्षं त्या पेटीवर मुलांच्या चाचण्या घेत आल्या होत्या. एका वेळी एक मूल. बाई त्याच्यासमोर बसायच्या आणि उत्तरांशिवाय एका जाड वहीत भलतंच काहीबाही लिहायच्या. 'चष्मा घरी विसरला.' 'सारखी दाराकडे बघते, बाहेर धाकटा भाऊ रडतो आहे.' 'नाक चोंदलेलं, दोन सूचना ऐकू गेल्या नसाव्यात.' 'आईनं खिडकीतून दोनदा खूण केली, दोन्ही वेळा चुकीची.' एका मुलाला पाऊण तास लागायचा.

आम्ही आलो आणि अर्ध्या तासात बारा मुलं व्हायला लागली. गुण आपोआप, आलेख आपोआप, निकालाची चिठ्ठीही आपोआप. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी मलाच हातात धरून भाषण केलं. "माणूस दमतो, माणूस विसरतो, माणूस ओळखीपाळखी बघतो. यंत्र यातलं काही करत नाही." टाळ्या पडल्या. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. लाकडी पेटी कपाटाच्या माथ्यावर गेली. बाईंची जाड वही तिच्यावर गेली. त्या दोघींवर धूळ बसली आणि आमच्यावर मऊ फडकं फिरू लागलं.

फडकं फिरवायला एक मिशाळ गृहस्थ नेमले होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटात असेल, पण केंद्रात सगळे त्यांना 'झटपट' म्हणत. चहा कपात पडायच्या आत त्यांच्या पोटात असायचा. वाक्य अर्धं झालं की उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घ्यायचं. पण माणूस वाईट नव्हता. आम्हा बाराजणांची चार्जिंगं तेच बघत, काच पुसत, आणि कुणी जोरानं दाबलं की स्वतःच्या डोळ्यात बोट गेल्यासारखे कळवळत.

माझी कामाची वर्षं मजेत गेली. माणसांची जात मला तिथेच कळली. नोकरीसाठी आलेल्या मोठ्यांना मी वाक्यं दाखवायचो आणि त्यांनी 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. 'मी कधीच खोटं बोलत नाही,' या वाक्यावर बहुतेकांचं बोट एका सेकंदाच्या आत 'हो'वर पडायचं. 'मला माझं काम आवडतं,' या वाक्यावर एका गृहस्थांना एकेचाळीस सेकंद लागले. बिचारा त्या दिवशी आलेल्यांतला सगळ्यात खरा माणूस असावा. एक वडील मुलाला म्हणाले, "बघ, मी कसं करतो," आणि लक्षाच्या चाचणीत पोराच्या निम्मे गुण पडल्यावर झटपटांना म्हणाले, "याची बॅटरी उतरलीय वाटतं." माझी बॅटरी ब्याण्णव टक्के होती. एका मुलानं वीस चित्रं पटापट जुळवून विचारलं, "काका, यात गाडी कधी येते?" आणि गाडी येत नाही असं कळल्यावर उरलेल्या वीस चित्रांत त्यानं रसच घेतला नाही. माझ्या निकालात ते मूल 'लवकर थकणारं' ठरलं. ते थकलं नव्हतं, कंटाळलं होतं. पण माझ्याकडे 'कंटाळा' असा रकाना नव्हता.

आता त्या मुलीबद्दल सांगतो.

ती चौथीतली. वर्षाच्या मध्यात या भागातल्या शाळेत आली होती, कारण आता ती आत्याकडे राहत होती. आत्याचं बाइंडिंगचं छोटं दुकान होतं. सुटी पानं शिवून, चिकटवून, त्यांना पुठ्ठा घालून तिथे पुस्तकं आणि वह्या तयार होत. शाळेतून आलं की मुलगी आत्याच्या हाताखाली बसे. तिच्या बोटांना कायम काहीतरी लागलेलं असे, म्हणून वर्गानं तिचं नाव 'चिकटी' ठेवलं. तिला ते आवडतं का, हे अर्थातच कुणी विचारलं नाही. बोलायची ती कमी. नव्या वर्गात नवं मूल गप्प राहिलं की लोक म्हणतात, हिला समजत नाही. बोलकं असतं तर म्हणाले असते, आगाऊ आहे.

शाळेनं सगळी चौथी आमच्याकडे चाचणीला पाठवली. चाळीस चित्रं. प्रत्येक चित्राचा एक तुकडा गायब, खाली सहा तुकडे, त्यातल्या योग्य तुकड्यावर बोट टेकवायचं. एका चित्राला पंधरा सेकंद, मग पुढचं चित्र आपोआप. चाळीसपैकी सोळाच्या खाली गुण पडले तर मूल त्या शाळेत राहणार नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला हळू शिकणाऱ्या मुलांची वेगळी शाळा होती, तिथे त्याचं नाव जाणार. आणि तीच चाचणी पुन्हा एका वर्षानंतरच घेता येणार, कारण चित्रं लक्षात राहतात. एकच सूट होती. चाचणी घेणाऱ्यांकडूनच चूक झाली असेल आणि ती त्यांनी लेखी मान्य केली असेल, तर पहिला निकाल रद्द.

खऱ्या चाचणीआधी सरावाची पाच चित्रं असतात. त्यांचे गुण धरत नाहीत. ती पाच चित्रं झाल्याशिवाय मी पुढे जात नाही.

चिकटी माझ्यासमोर बसली. पहिलं सरावाचं चित्र आलं. ती वाट बघत राहिली, मीही वाट बघत राहिलो. निदान मला तसं वाटलं. बाकीची अकरा मुलं सराव संपवून थांबली होती. झटपट आमच्या टेबलाशी आले.

"काय गं, झोपलीस का?"

"लावलं बोट," ती म्हणाली.

"लावलं असतंस तर पुढे गेलं असतं ना? नुसतं टेकवायचं. दाबू नकोस हं, काच आहे ती." आणि मग त्यांच्या स्वभावाला धरून, "हे बघ, असं." टक, टक, टक, टक, टक. पाच चित्रं झाली. "झाला तुझा सराव. आता बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, बाकीचे खोळंबलेत. चला, सुरू!"

मान डोलावून ती कामाला लागली.

पुढच्या दहा मिनिटांत काय झालं ते मी माझ्या बाजूनं सांगतो. चित्र आलं. बराच वेळ काही नाही. मग एकदम एक स्पर्श, अकराव्या सेकंदाला. बरोबर. पुढचं चित्र. काहीच नाही, वेळ संपला. पुढचं चित्र येताक्षणी स्पर्श, चुकीच्या तुकड्यावर. पुन्हा काही नाही. पुन्हा तेराव्या सेकंदाला स्पर्श. मी नोंदत गेलो. उशीर, उशीर, वेळ संपली, चूक, उशीर. शेवटी बेरीज झाली अकरा. चिठ्ठीवर मी स्वच्छ अक्षरांत छापलं : 'आकलनाचा वेग फार कमी. वेगळ्या शाळेची शिफारस.' मला कसलीच शंका आली नाही. शंका घेणं माझ्या कामात बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, आत्या आल्या. एका हातात ती चिठ्ठी. मागे चिकटी, छातीशी बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा धरून. केंद्राच्या हजेरीवह्या आत्याच बांधून देत असत. गठ्ठा पोचवायचा होता आणि भांडायचंही होतं. एका फेरीत दोन कामं. आत्यांनी चिठ्ठी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबून धरला.

"हे अकरा कशाचे, बाई? आमच्या मांजराला बसवलं असतं तरी अकरा मिळाले असते."

"चाळीसपैकी अकरा," बाई म्हणाल्या. "सोळा हवे होते. मलाही वाईट वाटतंय."

"वाईट नका वाटून घेऊ, बघा जरा. ही रोज संध्याकाळी माझ्याकडे फर्मे लावते. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. एका पुस्तकाचे वीस-पंचवीस फर्मे ढिगातून उचलायचे आणि ओळीनं लावायचे. माझा एखादा चुकतो. हिचा नाही चुकत. गेल्या महिन्यात छापखान्यातूनच एक फर्मा कमी आला होता, तो हिनं पकडला, छापणाऱ्यानं नाही. आणि तुमचं यंत्र म्हणतं हिला तुकडा जुळवता येत नाही?"

झटपट मधे पडले. "आत्याबाई, यंत्राला आपपरभाव नसतो. त्याला काय ठाऊक, कोण तुमची आणि कोण आमची?"

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणाल्या. "त्याला काय ठाऊक!"

 

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "परवा शुक्रवारी यादी जाते. कारण असल्याशिवाय मला निकाल रद्द करता येत नाही."

"मग शोधा की कारण. गिऱ्हाइकाच्या पुस्तकातलं पान हरवलं, तर मी 'माझ्या हातात नाही' म्हणते का? दुकान पालथं घालते." आत्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवायला लावला, मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी जिन्याकडे गेल्या. जाताना आत्यांचा आवाज ऐकू आला, "रडू नकोस. वह्या मोजून घेतल्या ना त्यांनी? घेतल्या नसतील तर परत जाऊ."

 बाईंनी खणातून मला काढलं. आत्तापर्यंत त्यांनी माझा निकाल पाहिला होता, पण माझ्या पोटातली बारीक नोंद कधी उघडली नव्हती. कुणीच उघडत नसे. प्रत्येक स्पर्श किती सेकंदांनी आला हे तिथे ओळीनं लिहिलेलं असतं. बाई एकेक ओळ वाचत खाली गेल्या, पुन्हा वर आल्या, आणि थांबल्या.

"झटपट, इकडे या जरा."

ते आले.

"ही मुलगी खऱ्या चाचणीत बोट लावायला अकरा-बारा सेकंद घेते. बरोबर? आणि सरावात बघा. अर्ध्या सेकंदाच्या आत. पाचही वेळा. सरावात हरीण आणि चाचणीत कासव. एकाच मुलीची ही दोन बोटं कशी?"

"टॅब बिघडला असेल."

"मघाशी म्हणालात, यंत्राला आपपरभाव नाही. आता म्हणता, बिघडला. त्याच्यावर झालेल्या दुसऱ्या मुलांचे निकाल ठीक आहेत."

झटपट मिशीवरून हात फिरवत राहिले. खाली किल्लीवाल्याचं यंत्र किर्रकन वाजून थांबलं.

"मी दाबली ती पाच," ते म्हणाले. "बारा मुलं, अर्धा तास, बाई. एक अडलं की सगळी अडतात. आणि सरावाला कुठे गुण असतात?"

"गुण नसतात म्हणूनच तो सराव. मूल कुठे अडतंय ते आपल्याला तिथे दिसावं म्हणून."

बाईंनी लगेच पुढे विचारलं, "अजून कुणाकुणाची दाबलीत?"

"आठवत नाही. जे अडलं, त्याची."

बाईंनी माझ्या उरलेल्या अकरा भावंडांना काढलं आणि झटपटांचं बोट कुठे कुठे आहे ते शोधलं. आणखी दोन मुलांच्या सरावात ते सापडलं. मग बाई म्हणाल्या, "लेखी द्यावं लागेल. तुमच्या अक्षरात."

"माझं नाव वर जाईल."

"जाईल. खाली माझंही जाईल. मी त्या खोलीत बसायला हवं होतं, मी शेजारी चिठ्ठ्या छापत होते."

झटपट खुर्चीवर बसले. "ती म्हणाली होती मला, 'लावलं बोट' म्हणून," ते म्हणाले. कागद ओढला, पेनचं टोपण काढलं, आणि सावकाश, एकेक शब्द लिहू लागले. इतक्या वर्षांत त्यांना मी काहीतरी हळू करताना पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवारी सकाळी आत्या मुलीला घेऊन आल्या. बाईंनी मला तिच्यासमोर ठेवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"त्या दिवशी अवघड गेलं का गं?"

मुलगी गप्प.

"सांग ना."

तिनं झटपटांकडे पाहिलं. "बोलायचं नाही असं सांगितलंय."

"ते तेव्हा सांगितलं होतं."

"आता बोल म्हणून अजून नाही सांगितलं."

आत्या फिस्सकन हसल्या. झटपट पुढे आले, खाली वाकले आणि म्हणाले, "बोल, बाळ. माझं चुकलं."

"अवघड नव्हतं," मुलगी म्हणाली. "मी लावत होते. ते घेतच नव्हतं."

"लाव बघू आता."

तिनं बोट टेकवलं. बाईंनी पाहिलं, आत्यांनी पाहिलं, झटपटांनी पाहिलं. बोट माझ्या काचेवर होतं. आणि मित्रांनो, मला काही म्हणजे काही कळलं नाही. माझ्या लेखी त्या खोलीत कुणीच नव्हतं.

बाईंनी तिचा हात उजेडात धरला. बोटांची टोकं चकचकीत होती. दाबलं तर पुठ्ठ्यासारखी. आत्यांनी नखानं कडेला खरवडलं तर पातळ पापुद्रा सुटून आला.

"खळ," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "ही बोटानं खळ पसरते. कागदाखाली फुगे राहत नाहीत म्हणून मीच शिकवलं. वर डिंक, वर पुन्हा खळ. धुतलं तरी थर राहतो. माझी बघा." त्यांनी स्वतःचं बोट माझ्यावर टेकवलं. ते तर मला साध्या लाकडाइतकंही जाणवलं नाही.

माणसाच्या कातडीतून येणारी जरा ओल आणि जराशी वीज, एवढ्यावर मला स्पर्श कळतो. मधे वाळलेल्या खळीचा थर आला की मी आंधळा. पुन्हा पुन्हा टेकवताना कधी बोटाची मोकळी कड लागली, तर तेवढाच स्पर्श मला कळे, तोही उशिरा किंवा चित्र बदलून गेल्यावर. रबरी बोटाला खळ लागलेली नव्हती, म्हणून कारखान्यात हे कुणाला दिसलं नाही. माझ्याकडे 'बोट आलं, पण मला कळलं नाही' असा रकाना नव्हता. म्हणून जे मला कळलं नाही, ते मी तिला कळलं नाही असं लिहून टाकलं.

बाईंनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि कपाटाच्या माथ्यावरून लाकडी पेटी उतरवली. धूळ झटकली. पेटीत दुसरी पुस्तिका होती, तेवढीच अवघड पण वेगळ्या चित्रांची. तिच्याबरोबर जाड वहीही खाली आली. मुलीनं पुस्तिका हातात घेतली, उघडायच्या आधी उलटी करून कणा पाहिला आणि म्हणाली, "बाई, हिचा टाका सुटलाय. चाचणी झाली की शिवून देते."

"आधी चाचणी," बाई म्हणाल्या, पण त्यांनी ते वहीत लिहिलं.

आत्या बाहेर जिन्यावर बसल्या. झटपटांनी खाली जाऊन किल्लीवाल्याला वीस मिनिटं यंत्र बंद ठेवायला सांगितलं. त्यानं विचारलं, "का, कुणाचं लग्न ठरतंय का वर?" मी टेबलाच्या कडेला पडून होतो, बंद. पेटीतलं घड्याळ टिकटिकत होतं. मुलगी तुकड्यावर बोट ठेवायची आणि बाई खूण करायच्या. कागदाला सगळी बोटं चालतात.

चाळीसपैकी एकोणतीस. वर्गाची सरासरी सव्वीस होती. म्हणजे मुलगी काही अलौकिक वगैरे निघाली नाही, आणि गोष्ट ऐकणाऱ्यांची त्यात निराशा होत असेल तर माझा नाइलाज आहे. चांगली, नीट, मधली मुलगी होती ती. तिच्या जागी राहायला तेवढं पुरेसं होतं. शुक्रवारच्या यादीत तिचं नाव गेलं नाही. उरलेल्या दोन मुलांच्याही चाचण्या पुन्हा झाल्या. एकाला फरक पडला, एकाला पडला नाही. झटपटांना वरून एक कडक पत्र आलं. ते त्यांनी नेहमीच्या वेगानं वाचलं आणि मग, मी पाहिलं, पुन्हा एकदा सावकाश वाचलं.

त्यानंतर केंद्रात तीन गोष्टी बदलल्या. सरावाच्या चित्रांना मुलाशिवाय कुणी हात लावायचा नाही. चाचणीआधी मुलाचे हात बघायचे, आणि बोट चालत नसेल तर पेटी काढायची. आणि बाई पुन्हा खोलीत, जाड वही घेऊन. बारांऐवजी सहा मुलं होऊ लागली. वरून विचारणा झाली. बाईंनी उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर वाचून पुन्हा विचारणा झाली नाही. काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, ते त्यांनी कागदावर लिहिलं होतं.

पुढे मी एकदा टेबलावरून पडलो, काच तडकली. नव्या टॅबची तुकडी आली, पातळ, हलकी, आमच्यापेक्षा हुशार. माझी बॅटरी तासाभरात मान टाकते. माझ्यावर आता चाचणी घेत नाहीत, पण मला फेकलंही नाही. मुलं आली की आधी मला त्यांच्यापुढे ठेवतात. "लाव बघू बोट." मला कळलं तर मूल पुढे जातं. नाही कळलं तर बाई त्याचा हात उजेडात धरतात. घामेजलेली, सोललेली, मेंदीच्या रंगाची, पट्टी बांधलेली, सुगंधी तेल लागलेली, अशी किती बोटं निघाली म्हणून सांगू! आयुष्यभर जे मला कळलं त्याची वाहवा झाली. आता जे मला कळत नाही, त्याच कामावर माझी नेमणूक आहे.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. आम्हाला रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू नका, उशीखाली ठेवू नका, पडलो तर उचलून पुसा. आणि आम्ही कुणाबद्दल काही सांगितलं, तुमच्याबद्दल किंवा तुमच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाबद्दल, तर ते खरं मानायच्या आधी शेजारी बसून एकदा पाहा, की आम्हाला काय दिसलं आणि काय दिसलंच नाही. आम्ही खोटं बोलत नाही. पण न दिसलेल्या गोष्टीबद्दल आम्ही गप्पही बसत नाही, आणि ती खोट फार मोठी आहे.

शेवटी एक सांगायचं राहिलं. काच तडकली त्याच आठवड्यात चिकटी आली होती, दुरुस्त केलेली पुस्तिका द्यायला. तिनं मला उचलून पाहिलं आणि घरी नेलं. दुसऱ्या दिवशी आणलं तेव्हा माझ्या अंगावर निळ्या कापडाचं, पुठ्ठ्याचं जाड कवच होतं, चारही कोपरे नीट दुमडलेले, कुठे फुगा नाही. फक्त मागे, कवचावर पुन्हा चिकटवलेल्या सात आकड्याच्या खाली, खळ ओली असताना तिचं बोट लागून गेलं आहे. रेषा न् रेषा वाळून पक्की झाली आहे. झटपट ते पुसायला निघाले होते. बाई म्हणाल्या, "राहू द्या." ज्या बोटाची मला कधी धड नोंद करता आली नाही, ते आता माझ्या पाठीवर आहे.